यादीतलं शेवटचं नाव

“मॅडम, एक विचारू का जी?”

ती दारातच उभी होती. कडेवर चार वर्षांची मुलगी, खांद्यावर मान टाकून झोपलेली. मार्च संपत आला होता आणि जिल्ह्याच्या गावातल्या आमच्या त्या ऑफिसात कूलर नुसता गरम हवा फिरवत होता. मी तिला बसायला सांगितलं. तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून तीन कागद काढून टेबलावर मांडले. तिन्ही आमच्या संस्थेचे सिकलसेलचे रिपोर्ट होते. वर संस्थेचं नाव, खाली डॉक्टरांची सही, आणि मधे मी बनवलेला तक्ता.

“हा माहा, हा ह्यांचा, हा पोरीचा,” ती म्हणाली. “आमाले दोघालेही नाही लिहून आहे. पोरीले आहे. असं होते का?”

मी कागद पाहिले. दिवाकर हिचामी, निरोगी. प्रमिला हिचामी, निरोगी. शुभांगी हिचामी, वाहक.

संस्थेत लागून मला सात महिने झाले होते. चोविसाव्या वर्षी ‘संगणक विभाग’ अशी पाटी असलेल्या खोलीत मी एकटीच बसत होते, आणि गावोगावच्या शिबिरांत सांगितलं जाणारं सगळं मला पाठ होतं. वाहकाला स्वतःला त्रास होत नाही, पण दोन वाहकांचं लग्न झालं तर मुलाला आजार होऊ शकतो. मूल वाहक असेल तर आईबापांपैकी एकाकडून ते आलेलं असतंच.

“नाही होत,” मी म्हणाले. “दोघांपैकी एकाला असावंच लागतं.”

“मग कागद चुकला असन का?”

“ताई, मशीनमधून आकडे सरळ कॉम्प्युटरमध्ये येतात. मधे कुणी हातानं लिहीत नाही. चुकायला जागाच नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मीही तिच्याकडे बघितलं, आणि मग मी खाली पाहिलं. का पाहिलं ते तिला कळलं असणार. मूल वाहक आणि आईबाप दोघंही निरोगी, म्हणजे बाप दुसरा, एवढाच अर्थ माझ्या डोक्यात त्या वेळी आला होता. तिनं कागद एकावर एक ठेवले, पिशवीत सरकवले, मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि “बरं जी” म्हणून ती निघून गेली. तो मंगळवार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी उईके काका शिबिरावरून परतले. चरणदास उईके आमचे तंत्रज्ञ. तीस वर्षं लोकांचं रक्त घेतलेला माणूस. शीर सापडत नाही असा हात त्यांना अजून भेटायचा होता. ते डबा घेऊन माझ्या खोलीत आले, पण डबा उघडलाच नाही.

“कोसमटोल्याले भानगड झाली पोरी,” ते म्हणाले. “तिथला हिचामी मास्तर. त्यानं बायकोले माहेरी घालून दिलं. बारा दिवस झाले.”

“दिवाकर हिचामी?”

“तुले कसं माहीत?”

“ती काल आली होती.”

काका खुर्चीत बसले. “मास्तर चांगला माणूस आहे. शिबिराले लोक जमवून देणारा तोच. अन् त्याले हे सगळं मीच शिकवलं. मुलाले असन तर आईबापाले असतेच, हे मीच फळ्यावर काढून दाखवलं होतं त्याच्या शाळेत.” “नुसतं एवढंच असतं तं त्यानं एखादेवेळी गिळलंही असतं. पण शेजारी त्याचा चुलतभाऊ राहते, शामराव. त्याचा कागद अन् पोरीचा कागद सारखा निघाला.”

“म्हणजे दोघंही वाहक?”

“आकडे सारखे. एकूण एक आकडा. मास्तरनं दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकमेकांवर ठेवून पाहिले म्हणे. सदतीस पूर्णांक बेचाळीस, तिलेही अन् त्यालेही. साऱ्या गावात झालं, पोरगी शामरावची. शामराव चार दिवसांपासून घरात नाही. त्याची म्हातारी माय दारात बसून आहे.”

मी काकांकडे पाहत होते. “काका, बापाचे आणि मुलीचे आकडे असे जुळतात?”

“बापाचे?” काका म्हणाले. “अवो, एकाच माणसाचं रक्त दोनदा मशीनले लावलं तरी शेवटचा आकडा इकडेतिकडे होते.”

मग हळूच म्हणाले, “माह्या हातून नळ्या बदलल्या असतील का? तीन रात्री झाल्या, झोप नाही मले.”

मशीन प्रत्येक नमुन्यामागे स्वतःची एक चिठ्ठी काढायचं, पावतीसारखी. काका त्या गावागावाच्या फायलीत लावून ठेवत. ती फाइल आम्ही काढली. कोसमटोला, नमुना एकेचाळीस, शुभांगी दिवाकर हिचामी. चिठ्ठीवर सिकलचा आकडा शून्य होता. नमुना चाळीस, शामराव हिचामी, सदतीस पूर्णांक बेचाळीस.

काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. “माही चूक नाही,” ते पुटपुटले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मशीन बरोबर होतं, नळी बरोबर होती, कागद चुकला होता. मशीन आणि कागद यांच्यामध्ये फक्त मी होते.

चूक सापडायला अडीच तास लागले. ज्यांना या कामाची ओळख नाही त्यांनाही कळेल असं सांगते, कारण पुढं मला ते तसंच सांगावं लागलं.

रिपोर्ट छापायचा प्रोग्राम मी पीएचपी नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिला होता. त्यात एक नावांची यादी होती आणि एक निकालांची. जानेवारीत संस्थेच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, लोकांना नुसते आकडे कळत नाहीत, प्रत्येक निकालापुढे मराठीत निष्कर्ष लिही. मी एक फेरा लिहिला: निकालांच्या यादीतला एकेक निकाल घ्यायचा आणि त्याला निष्कर्ष जोडायचा. निकाल हातात घेण्यासाठी त्याला मी एक नाव दिलं, ‘ओळ’. त्या नावाच्या आधी एक लहानशी खूण केली. त्या खुणेचा अर्थ असा, की निकालाची प्रत नको, मूळ निकालच हातात दे. म्हणजे मी जे बदलेन ते यादीतच बदलेल. फेरा व्यवस्थित चालला. यादी संपली. पण ‘ओळ’ हे नाव संपलं नाही. त्या भाषेत असं उघड्यावर ठेवलेलं नाव काम पूर्ण होईपर्यंत जिवंत राहतं, आणि हे नाव यादीतल्या शेवटच्या निकालाला धरून बसलं होतं.

कागद छापणारा भाग दुसऱ्या फाइलमध्ये होता. मला वाटायचं, फाइल वेगळी म्हणजे घर वेगळं. तसं नव्हतं. दोन्ही फाइली एकाच अंगणात उघडत होत्या. तिथंही मी फेरा लिहिला होता, आणि सवयीनं तिथंही हातात घेतलेल्या निकालाला ‘ओळ’ म्हटलं होतं. आता पहिला निकाल ‘ओळ’मध्ये घेतला की तो यादीच्या शेवटच्या जागेवर जाऊन पडत होता. दुसरा घेतला, तोही तिथंच. असं करत शेवटून दुसरा निकाल शेवटच्याच्या जागी लिहिला जायचा, आणि मग शेवटच्या नावाची पाळी आली की तिथं तोच असायचा. नाव शुभांगीचं, आकडे शामरावचे. बाकी चाळीस जणांचं सगळं बरोबर.

आमच्या याद्या आडनावानं लागत. ‘ह’ शेवटी येतो.

दुरुस्तीला एक ओळ पुरली. पहिला फेरा संपला की ते नाव सोडून दे, एवढंच लिहायचं होतं. मग मी जानेवारीपासूनच्या याद्या काढल्या. चौदा गावं होती. म्हणजे चौदा माणसं.

गुरुवारी सकाळी मी आणि काका डॉक्टर वझलवार मॅडमसमोर उभे राहिलो. मॅडमनी ही संस्था दोन खोल्यांपासून उभी केली होती. त्यांनी सगळं ऐकलं, चिठ्ठ्या पाहिल्या, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“चौदाही जणांना नवीन रिपोर्ट द्या. हातोहात. आज छापा,” त्या म्हणाल्या. “कोसमटोल्याला आधी जा.”

“काय सांगायचं मॅडम?” मी विचारलं.

“नमुना बदलला होता, पुन्हा तपासला. एवढं पुरे.”

“पण नमुना बदलला नव्हता.”

“भारती, ऐक. एक नळी बदलली असं लोकांना सांगितलं तर ते एका नळीबद्दल बोलतात. कॉम्प्युटर चुकला म्हणालीस तर सगळे कागद चुकीचे होतात. पंधरा हजार कागद. पुढच्या शिबिराला कुणी हात पुढं करणार नाही. त्यात मुलं मरतील. हिशेब तूच कर.”

मी काकांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. “ठीक आहे मॅडम,” ते म्हणाले. “माह्या हातून झालं म्हणून सांगतो.”

मॅडमचं म्हणणं मला पटलं होतं म्हणून गप्प बसले असं मी नंतर पुष्कळ दिवस स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

शुक्रवारी सकाळी काकांनीच जीप काढली. रस्ताभर मोहाचा वास होता, बायका झाडांखाली फुलं वेचत होत्या. काका म्हणाले, “मनाले लावून नको घेऊ. मी दोन वर्षांत रिटायर होतो. तुहं सारं पुढं आहे.” मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

दिवाकर मास्तर घरीच होते. तिशीतले, बारीक, इस्त्रीचा शर्ट घातलेले. घरात एकट्या माणसाचं सामान जसं पडतं तसं पडलेलं होतं. त्यांनी आम्हाला पाणी दिलं. काकांनी नवा कागद पुढं केला.

“मास्तर, शुभांगी निरोगी आहे. नमुना माह्या हातून बदलला होता. माफी मागाले आलो.”

मास्तरांनी कागद घेतला नाही. “कोणाशी बदलला?”

“शामरावच्या नळीशी.”

“मग शामरावच्या कागदावर शुभांगीचे आकडे यायला पाहिजेत. शामराव निरोगी निघायला पाहिजे.” ते शांतपणे बोलत होते. “शामराव वाहक आहे. त्याच्या आईलाही आहे, तिचा कागद मी पाहिला. एक नळी दोन माणसांची कशी होईल, काका?”

काकांनी पुढं केलेला कागद खाली घेतला.

“प्रमिला तुमच्या ऑफिसात गेली होती ना मंगळवारी? गावात कळतं सगळं. तुम्ही भले लोक आहात. तुम्हाला दया आली. घर जुळावं म्हणून तुम्ही कागद बदलून आणला.” त्यांचा आवाज एकदम फाटला. “माझी पोरगी आहे हो ती. तिला मी चालायला शिकवलं. तुम्हाला वाटतं मला हे खरं व्हायला पाहिजे आहे?”

मी म्हणाले, “सर, वही आहे का?”

काकांनी माझ्या दंडाला हात लावला. मी तो बाजूला केला.

“काका खोटं बोलताहेत,” मी म्हणाले. “त्यांनी काही केलं नाही. चूक माझी आहे. प्रोग्राम मी लिहिला होता.”

मास्तरांनी शाळेची वही आणली. मी पाच नावं लिहिली आणि समोर पाच चौकोन काढून त्यात पेन्सिलीनं पाच आकडे भरले. “तुम्हीच करा,” मी सांगितलं. “एकेक आकडा वरून वाचत खाली यायचं. पण वाचायच्या आधी तो शेवटच्या चौकोनात लिहायचा. तिथला जुना खोडून. माझा प्रोग्राम हेच करत होता.”

त्यांनी पहिला आकडा शेवटच्या चौकोनात लिहिला. खोडला. दुसरा लिहिला. खोडला. तिसरा. चौथा लिहिला, आणि पाचव्या नावापाशी आले. शेवटच्या चौकोनात आता चौथ्याचाच आकडा होता. त्यांची पेन्सिल तिथं थांबली.

“पाचव्याचा मूळ आकडा कुठं गेला?”

“पहिल्याच वेळी खोडला गेला.”

“म्हणून शामराव.”

“हो. यादीत शामरावच्या जागी दुसरं कुणीही असतं तर शुभांगीच्या कागदावर त्या माणसाचे आकडे आले असते.”

मी पिशवीतून चौदा गावांच्या याद्या काढल्या. जुने कागद, नवे कागद, मशीनच्या चिठ्ठ्या. शिक्षक माणूस, त्यांनी एकही सोडली नाही. प्रत्येक गावाची शेवटची दोन नावं बोट ठेवून तपासली. त्यात अर्धा तास गेला. चौदावी यादी झाल्यावर त्यांनी वही मिटली आणि दोन्ही तळहात तिच्यावर ठेवले.

“मी शामरावच्या अंगावर कुऱ्हाड घेऊन गेलो होतो,” ते म्हणाले.

मग ते उठले, मोरीत जाऊन तोंड धुतलं, शर्ट बदलला. “चला,” ते म्हणाले. “चिचटोल्याला. तिच्या माहेरी.”

बाकीच्या गावांचं आधी सांगून टाकते. चौदांपैकी नऊ जणांचा निष्कर्ष योगायोगानं तोच राहिला, आकडे तेवढे बदलले. चौघं वाहक-निरोगी असे उलटसुलट झाले होते. आणि एक सात वर्षांचा मुलगा, ज्याला प्रत्यक्ष आजार होता, त्याच्या कागदावर निरोगी छापलं होतं. दोन महिने त्याच्या सांधेदुखीवर घरचे तेल चोळत होते. प्रत्येक घरी मीच सांगितलं, काय झालं ते, वहीत चौकोन काढून. काही लोक चिडले. एका म्हाताऱ्यानं मला हाकलून दिलं. पुढच्या शिबिराला माणसं कमी आली, पण आली. मॅडम मला रागावल्या नाहीत; जूनमध्ये माझ्या नेमणुकीची मुदत संपली आणि त्यांनी ती वाढवली नाही, एवढंच. शामराव तेलंगणात मिरची तोडायला गेला होता. पावसाळ्याआधी परत आला. मास्तर त्याच्या घरी गेले, त्यानं दार उघडलं नाही. उघडलं ते पुढच्या वर्षी, त्याची आई वारली तेव्हा.

त्या शुक्रवारी चिचटोल्याला पोचायला दीड वाजला. प्रमिला अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. शुभांगीनं बापाला पाहिलं आणि ओरडत धावली. मास्तरांनी तिला उचललं, तिच्या केसांत तोंड खुपसलं आणि तसेच उभे राहिले. प्रमिला उठली नाही. हातातली फुलं पसरत राहिली.

मी तिला सगळं सांगितलं. वही काढायला लागले तर ती म्हणाली, “मले नका दाखवू. मले माहीत होतं.”

मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, “मशीनची ते चिठ्ठी मंगळवारी कुठं होती?”

“ऑफिसात.”

“म्हणजे तुमी उठून पाह्यली असती तं त्याच दिवशी समजलं असतं.”

“हो,” मी म्हणाले. “माफ करा” हे शब्द मी वाटेत कितीदा तरी जुळवले होते. तेव्हा ते तोंडातून निघाले नाहीत; खरं तर तिनं ते मागितलेही नव्हते.

मास्तर पुढं आले. मुलगी कडेवरच होती. “प्रमिला, माझी चूक झाली. कागदावर जे दिसलं त्याच्यावर गेलो. आता सगळं समजलं. चल घरी.”

तिनं पहिल्यांदा मान वर केली.

“ह्या मॅडमनं मले एकदाच पाह्यलं होतं,” ती म्हणाली. “त्याइनं कागदावर भरवसा ठेवला, तं ठेवला. त्याइले मी कोण हे का माहीत? तुमाले सहा वर्ष झाले होते.”

“मी काय करायला पाहिजे होतं मग? कागद तर—”

“इचाराले पाहिजे होतं. मले. एकडाव तरी. तुमी खिडकीवर कागद जुळवून पाह्यले. साऱ्या गावाले इचारलं. मले नाही इचारलं.”

मास्तरांनी मुलीला आणखी जवळ धरलं.

“आज दुसरा कागद आला म्हणून तुमी आले,” ती म्हणाली. “माह्यासाठी नाही आले.”

तिची आई आतून बाहेर आली होती. तिनं प्रमिलाच्या खांद्यावर हात ठेवला. जा म्हणायला की राहा म्हणायला, ते मला कळलं नाही. प्रमिला उठली, लुगड्याला हात पुसले आणि मास्तरांच्या कडेवरून मुलीला घेतलं. ओढून घेतलं नाही. सावकाश घेतलं. मुलीचा हात बापाच्या कॉलरमध्ये अडकला होता, तो सोडवला.

“पोरीले भेटाले येत जा,” ती म्हणाली. “बाप आहात.”

काकांनी नवा कागद तिला दिला. तिनं तो बघितला नाही, पण नीट चौघडी करून कमरेला खोचला.

चिचटोल्याला जाताना आम्ही जीपमध्ये तिघं होतो. परत येतानाही तिघंच होतो. कोसमटोल्याच्या फाट्यावर मास्तर उतरले आणि शाळेच्या बाजूनं चालायला लागले. त्या दिवशी शाळा होती, सकाळपासून पोरं मास्तरांविना बसली होती, हे तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं.

सोळा वर्षं झाली. प्रमिला चिचटोल्यातच राहिली, तिथल्या अंगणवाडीत लागली. मास्तर दर रविवारी सायकलनं, मग मोटारसायकलनं तिथं जात राहिले; अंगणात बसायचे, मुलीचा अभ्यास घ्यायचे आणि अंधार पडायच्या आत निघायचे. घरात या असं तिनं त्यांना कधी म्हटलं नाही आणि येऊ नका असंही म्हटलं नाही. हे मला उईके काकांनी सांगितलं. शेवटचं भेटलो तेव्हा ते म्हणाले, “मास्तर अजून जाते, पोरी. पोरगी शिकाले नागपूरले गेली, तरी जाते.”

“मग कुणाला भेटायला?” मी विचारलं.

“अंगणात बसते,” काका म्हणाले. “प्रमिला चहा आणून ठेवते. हा पेते अन् निघते.”